मदत हवी आहे: एड्ससाठीची सायकल राइड, गुडघा दुखतोय आणि निधीही अडलाय

पायडलवाली
सात आठवडे उरलेत. साठ किलोमीटरच्या पुढे गेलं की उजवा गुडघा दुखायला लागतो, दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. त्यात निधी निम्म्यावर अडकलाय आणि ठरलेली रक्कम जमल्याशिवाय राइडला घेत नाहीत. काय करू? विश्रांती घ्या असं कृपया सांगू नका, तेवढा वेळ नाहीये.

घाटवाट
कोणती राइड? किती दिवस, रोज किती? गुडघा पुढून दुखतो की मागून? हे कळल्याशिवाय सगळं अंदाजपंचेच.

दोन_चाकं
मी 2019 ला सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस केली होती. सात दिवस, 545 मैल. गुडघ्याच्या आधी बूड सोलवटतं बघा. पॅडेड शॉर्ट्सच्या आत काही घालू नका, क्रीम भरपूर लावा. शनिवार-रविवार सलग लांब जा. पहिला दिवस कसाही निघतो, दुसऱ्या सकाळी पुन्हा सीटवर बसणं हा खरा सराव.

पायडलवाली
बुडाला काही झालेलं नाही, गुडघ्याचं सांगा ना! तुमची ती राइड 2025 च्या जूनमध्ये कायमची थांबली. आमची लहान आहे. चार दिवस, रोज सव्वाशेच्या आसपास. दुखतं पुढून, वाटीच्या खाली.

घाटवाट
मग बहुतेक सीट खाली आहे, किंवा जड गिअर रेटताय. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. वाकलेला राहिला तर सीट वर घ्या, पण एका वेळी पाचच मिलिमीटर, आणि मध्ये दोन-तीन फेऱ्या होऊ द्या. मिनिटाला पायडलचे किती फेरे पडतात?

निळा_पक्षी
सीटनं काही होत नाही. मांड्या कच्च्या असल्या की भार गुडघ्यावर येतो. रोज स्क्वॉट्स मारा, माझा त्रास त्यानेच गेला.

घाटवाट
जिना उतरवत नाही म्हणतायत त्या, आणि तुम्ही स्क्वॉट्स सांगताय? आधी दुखणं थांबू दे. सीट बदलूनही थांबलं नाही तर फिजिओकडे जा, त्यात आठवडा गेला तरी चालेल.

उत्तररात्र
मी ट्यूबलेस टायर सुचवेन, पंक्चरची कटकट जाते. आणि एक विचारू का? अशा राइडमध्ये एचआयव्ही असलेले लोकही असतील ना? एकाच तंबूत राहायचं, घाम, पाण्याच्या बाटल्या...

दोन_चाकं
असतात, आणि आमच्या पुढे असायचे! पॉझिटिव्ह पेडलर्स हा त्यांचाच गट. घामाने, थुंकीने, उष्ट्या बाटलीने, तंबूत शेजारी झोपल्याने एचआयव्ही पसरत नाही. नियमित औषधं घेऊन ज्यांच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नसतो, त्यांच्याकडून लैंगिक संबंधातूनही तो जात नाही. विचारलंत ते बरं केलंत. मनात ठेवून लांब बसणारे जास्त असतात.

पायडलवाली
फेरे मोजले. 58! चढावर त्याहून कमी. टाच ठेवून पाहिलं तर पाय चांगलाच वाकलेला राहतो. सीट वर घेतलीय. निधीचं कोणीच बोलत नाही पण.

घाटवाट
ऐंशीच्या आसपास आणा. गिअर हलका, पाय भरभर.

दोन_चाकं
आम्हाला कमीत कमी 3,000 डॉलर जमवायचे होते. तुम्ही लोकांना काय लिहून पाठवलंय?

पायडलवाली
नेहमीचंच. चांगल्या कामाला हातभार लावा, सोबत लिंक.

दोन_चाकं
तुम्ही स्वतः ही राइड का करताय?

पायडलवाली
मामासाठी. 1994 मध्ये गेला. घरात अजून टीबीच म्हणतात. टीबी होताही, पण तो कशामुळे झाला ते कुणी बोलत नाही. दोनच वर्षांनी, 1996 पासून, एचआयव्हीवर तीन औषधं एकत्र द्यायला लागले आणि माणसं जगायला लागली. ही दोन वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीत. पण आई म्हणते, त्याचं नाव यात आणू नकोस.

निळा_पक्षी
हेच लिहा. 'माझा एक नातेवाईक' म्हणा, नाव कशाला हवं?

घाटवाट
सगळे नातेवाईकच वाचणार आहेत, एका मिनिटात ओळखतील. भाऊ त्यांचा होता. आधी आईला विचारा, निधी राहिला तरी चालेल.

दोन_चाकं
मला पटतं. तोवर आईच्या गोतावळ्याबाहेर बघा. ऑफिसातल्या एकेकाला वेगळा निरोप पाठवा, समोरच्याचं नाव घालून, अमुक रक्कम द्याल का असं थेट विचारून. लिंक पन्नास जणांच्या ग्रुपवर टाकली की प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल. माझे निम्म्याहून जास्त पैसे दुसऱ्यांदा विचारल्यावर आले.

पायडलवाली
सीट एकूण बारा मिलिमीटर वर गेली. आज 74 किलोमीटर झाले, शेवटी थोडं दुखलं, पण जिना उतरले. ऑफिसात नऊ जणांना वेगवेगळं लिहिलं, चौघांनी दिले. आईशी अजून बोलले नाही. रविवारी तिच्याकडे जातेय. मामाचा एक फोटो आहे माझ्याकडे, सायकलवरचाच, तो नेणार आहे.

उत्तररात्र
आधीच्या उत्तराबद्दल आभार, मला खरंच माहीत नव्हतं. ताई, तुमची लिंक व्यक्तिगत निरोपात पाठवाल का?