दफनविधी घरच्या माणसांनीच करायचा आहे. बडोद्यात काय काय जुळवावे लागेल?

मांजलपूरकर (प्रश्न):

नमस्कार. आम्ही मूळचे सोलापूरकडचे लिंगायत वाणी असून वडिलांच्या नोकरीमुळे १९८१ पासून बडोद्यात आहोत. वडील गावी गेलेले असताना तेथेच लिंगैक्य झाले (वारले), त्यामुळे समाजाच्या स्मशानभूमीत जंगमस्वामींच्या, म्हणजे आमच्या पुरोहितांच्या हस्ते सर्व रीतसर पार पडले आणि आम्हा भावंडांना केवळ हात जोडून उभे राहावे लागले. आता आईचे वय ८२ आहे, हृदय अशक्त झाले आहे आणि डॉक्टरांनी आम्हाला मनाची तयारी ठेवायला सांगितले आहे. आईची तयारी आमच्या आधीच झालेली दिसते. तिने स्पष्ट सांगितले की मला जाळू नका, बसवून माती द्या, आणि त्यासाठी सोलापूरला नेऊ नका, कारण नातवंडे येथे आहेत.

अंत्यविधीची सर्व व्यवस्था लावून देणाऱ्या एका व्यावसायिकाकडे मी चौकशी केली. त्यांच्या यादीत तिरडीपासून अस्थिविसर्जनासाठी चांदोदपर्यंतच्या गाडीपर्यंत सर्व काही होते. आमच्याकडे अस्थी गोळा करण्याचा प्रश्नच नसतो, हे त्यांना समजावण्यात माझी दहा मिनिटे गेली. समजल्यावर त्यांनी रक्कम दुप्पट केली, आणि खड्डा कोठे व कसा खणायचा हे मात्र आम्हीच पाहावे असे सांगितले. मग तुमचे काम उरले कोणते, असे विचारावेसे वाटले, पण विचारले नाही.

आम्ही तीन भाऊ, दोन मेहुणे आणि चार तरुण मुले आहोत, म्हणजे माणसांची वाण नाही. मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: जागा कशी मिळवावी, कागदपत्रे कोणती लागतात, आणि घरी देह बसवण्याचे काम अननुभवी माणसांना जमते का?

कारेलीबागची सून:

दादा, आमच्या सासऱ्यांचा विधी आम्ही घरच्यांनीच केला, म्हणून सविस्तर लिहिते. सर्वांत आधी जागा पाहा, आणि ती आई हयात असतानाच पाहा, कारण बाकी सर्व दोन तासांत उभे राहते, जागा राहत नाही. महापालिकेच्या हद्दीत स्वतःच्या प्लॉटवर किंवा अंगणात दफन करता येत नाही. १९४९ च्या महानगरपालिका कायद्याप्रमाणे मृतदेहाची विल्हेवाट त्यासाठी नोंदलेल्या जागीच लावावी लागते. खासवाडीचे स्मशान बडोद्यात सर्वांना ठाऊक आहे, परंतु तेथे आपण जातो ते दहनासाठी.

आम्हाला मार्ग सापडला तो सासऱ्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यामुळे. गुजरातेत गोस्वामी समाज, ज्याला येथे बावा म्हणतात, आपल्या मृतांना समाधी देतो आणि गावोगावी त्यांची त्यासाठी राखलेली जागा असते. पादरा तालुक्यातील एका गावाच्या पंचांना आम्ही भेटलो, आमची रीत सांगितली, आणि बसवून माती देणारे आम्हीही आहोत हे कळताच त्यांनी चहा मागवला. त्यांच्याकडून लेखी संमती आणि ग्रामपंचायतीचे साधे पत्र घेऊन ठेवले, त्यावर तारीख घातली नाही. ही भेट शोकाच्या दिवशी झाली असती तर इतक्या मोकळेपणाने बोलणे झाले नसते.

दुसरी गोष्ट वाहनाची. शववाहिनी झोपवलेल्या देहासाठी बांधलेली असते, बसलेला देह आणि त्यावरचे बांबूचे विमान, म्हणजे देह बसवून नेण्याचा मखरासारखा सांगाडा, तिच्यात मावत नाही. आम्ही छोटा हत्ती भाड्याने घेतला, मागच्या हौद्यात चटई अंथरून विमान दोरीने चारही कड्यांना बांधले आणि दोन पुतणे दोन्ही बाजूंनी धरून बसले. विमानाची उंची मात्र आधी मोजली नव्हती. आमच्या गल्लीत केबलच्या तारा इतक्या खाली लोंबतात की धाकटे दीर पुढे पायी चालत वेळूच्या काठीने एकेक तार उचलून धरीत होते, आणि टेम्पो त्यांच्यामागून पावलापावलाने सरकत होता.

आणि नाव तपासून घ्या. मृत्यूच्या नोंदीत सासऱ्यांच्या नावापुढे गुजराती सवयीने 'भाई' जोडला गेला, बँकेच्या पासबुकात तो नव्हता, आणि सासूबाईंचे कुटुंब निवृत्तिवेतन तेवढ्यावर अडकून पडले. नोंद दुरुस्त होते, त्यासाठी कायद्यात सोय आहे, पण आम्हाला सहा खेपा पडल्या.

फॅमिली डॉक्टर, निवृत्त:

प्रश्नातील दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाविषयी लिहितो. मृत्यू घरी झाला तर अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र नमुना ४ अ मध्ये द्यायचे असते, आणि त्यासाठी शुल्क घेता येत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातच तसे लिहिले आहे. म्हणून आईंना नियमित पाहणारे एक डॉक्टर ठरलेले असू द्या, आणि रात्री-अपरात्री ते येतील का हे आजच विचारा. नोंद मृत्यू जेथे झाला तेथे होते. माती पादऱ्याजवळ दिली तरी मृत्यू बडोद्यात झाला असेल तर नोंद बडोदे महापालिकेकडेच होईल, आणि घरी झालेल्या मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची असते. मुदत २१ दिवसांची आहे. त्यानंतर विलंबशुल्क, ३० दिवसांनंतर लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद, असा व्याप वाढत जातो. पडून, भाजून किंवा अन्य संशयास्पद कारणाने मृत्यू झाल्यास डॉक्टर प्रमाणपत्र देणार नाहीत, पोलिसांना कळवावेच लागेल आणि विधीची वेळ मग तुमच्या हाती राहणार नाही.

आता देह बसवण्याविषयी. मृत्यूनंतर साधारण दोन ते चार तासांत देह ताठरू लागतो. जबडा आणि मान आधी, मग हात, शेवटी पाय. बारा तासांच्या सुमारास ताठरपणा पूर्ण झालेला असतो आणि तो आपोआप सैल पडायला सामान्यतः एक ते दीड दिवस जातो. बडोद्याच्या मे महिन्यात हे सर्व लवकर घडते. म्हणून डॉक्टरांनी मृत्यू झाल्याचे सांगताच, नातेवाइकांना दूरध्वनी करण्याआधी, दोघांनी देहाला भिंतीशी टेकवून बसवावे, मांडी घालावी, गुडघ्यांखाली उशा द्याव्यात आणि पाय मऊ सुती कापडाच्या रुंद पट्टीने बांधावेत. सुतळी वापरू नका, ती कातडीत रुतते. हनुवटीखालून डोक्यावर पट्टी घ्यावी, मान मागे टेकेल अशी गुंडाळलेली चादर ठेवावी आणि पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा. नेत्रदान करायचे असेल तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला बोलवावे, पंखा बंद ठेवावा. दफनाला त्याने काहीही बाधा येत नाही. आईंना पेसमेकर बसवलेला असल्यास दहनापूर्वी तो काढावाच लागतो, कारण आगीत फुटतो. दफनात तसे बंधन नाही.

एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ८२ वर्षांच्या गुडघ्यांची मांडी हयातीतच पुरती घालता येत नसेल, तर नंतरही ती बळाने घालू नये. आई आज जशा बसतात तशीच बैठक धरा. शीतपेटीही झोपवलेल्या देहाच्या मापाची असते, म्हणून बाहेरगावच्या माणसांसाठी रात्रभर थांबायचे ठरवू नका. ज्या दिवशी मृत्यू त्याच दिवशी माती, असेच धरून चाला.

माती-मुकादम:

इमारतींच्या पायाखोदाईत माझी ३५ वर्षे गेली, तेव्हा खड्ड्यापुरते बोलतो. बसलेल्या वृद्ध स्त्रीची उंची जमिनीपासून डोक्यापर्यंत अडीच-पावणेतीन फूट भरते. डोक्यावर किमान तीन फूट माती हवी, नाहीतर कुत्री उकरतात. म्हणजे खोली सहा फूट, आणि आत देह घेऊन उतरणाऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा पाहिजे म्हणून लांबी-रुंदी चार-चार फूट. चार चोक सोळा, सोळा सक शहाण्णव घनफूट. म्हणजे जवळजवळ एक ब्रास (शंभर घनफूट) माती निघते. दोन सराईत मजूर मऊ जमिनीत हे चार-पाच तासांत करतात, काळ्या चिकट मातीत दिवस खातो. तीन फुटांच्या खाली एकाच माणसाला घमेले भरता येते, दुसऱ्याने वरून ओढायचे, त्यामुळे आठ माणसे असून उपयोग नाही.

तुमच्या मुलांच्या हाती कुदळ देऊ नका, हे माझे स्पष्ट मत आहे. हाताला फोड आलेल्या, रडून थकलेल्या मुलांनी सहा फूट खाली उभे राहू नये. निघालेली माती काठापासून दोन फूट दूर टाकली नाही तर तिच्याच भाराने कड ढासळते, हे मी पाहिले आहे. खणण्यासाठी गावातलेच मजूर घ्या, मजुरी आधी ठरवा. माती लोटण्याचे काम मात्र घरच्यांनी करावे, त्याला कसब लागत नाही.

जागा निवडताना पावसाळ्याचा विचार करा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने काय केले ते आपण सर्वांनी पाहिले. नदीकाठची, ओढ्याजवळची सखल जमीन कितीही मऊ असली तरी नको. जुलैत तेथे चार फुटांवर पाणी लागेल. गावकऱ्यांना पाण्याची पातळी विचारू नका, जवळच्या विहिरीत स्वतः डोकावून पाहा. भरल्यानंतर वर फूट-दीड फूट उंचवटा ठेवा, कारण पहिल्या दोन पावसांत माती खचणारच. ओटा बांधायची घाई वर्षभर करू नका.

वाडीतला आजोबा:

वरील सर्व सल्ले उपयुक्त आहेत, तरी बसवण्यावर इतका भर पाहून थोडे वेगळे सांगावेसे वाटते. माझे थोरले बंधू एका रुग्णालयात गेले. बिलाचा हिशेब आणि सह्या यांत नऊ तास गेले आणि देह हाती आला तेव्हा पाय लाकडासारखे झाले होते. नात्यातील दोघे जण गुडघे दाबून वाकवू लागले, वहिनी दाराशी उभी होती, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो. जंगमस्वामींनीच त्यांना थांबवले आणि झोपवून माती द्या, इष्टलिंग हातात असले म्हणजे झाले, असे सांगितले. तसेच केले. म्हणून आईंचा मृत्यू रुग्णालयात झाला तर काय करायचे, हे भावंडांनी आजच एकमताने ठरवून ठेवावे, त्या क्षणी वाद नको.

विधीला सामान थोडे लागते: विभूती, बेलाची पाने, फुले, नवे वस्त्र, एक-दोन पोती मीठ, आणि आईंच्या गळ्यातले इष्टलिंग, जे त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवायचे असते. आमच्याकडे खड्ड्याच्या एका भिंतीत कोनाडा कोरून देह त्यात बसवण्याची रीत होती, परंतु भुसभुशीत मातीत तो कोरू नये, याबाबत मुकादमसाहेब माझ्याशी सहमत होतील. बडोद्यात जंगम मिळणे कठीण आहे. सोलापूरच्या स्वामींना आधीच विचारून विधी लिहून घ्या, वेळ आली तर ते दूरध्वनीवरून सांगतील आणि घरातील लिंगदीक्षा घेतलेले माणूस करील.

आपल्याकडे सूतक पाळत नाहीत याचा एक व्यवहारी लाभही आहे. नोंदीच्या कार्यालयात तुम्ही दुसऱ्याच दिवशी जाऊ शकता.

मांजलपूरकर:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, मनःपूर्वक आभार. डॉक्टरसाहेबांचे वाचून काल संध्याकाळी आईला सहज विचारले की मांडी घालता येते का. डावा पाय येतो, उजवा अर्ध्यावर थांबतो. तिने कारण विचारले, मी खरे ते सांगितले, तेव्हा तिने उजव्या गुडघ्याखाली स्वतःच उशी सरकवून दाखवली आणि "एवढं बस्स आहे" म्हणाली.

रविवारी धाकटा भाऊ आणि मी पादरा रस्त्यावरील दोन गावांत जाऊन पंचांना भेटणार आहोत. कारेलीबागच्या ताईंनी त्यांच्या गावाचे नाव मला खासगी संदेशाने कळवले तर उपकार होतील. मुकादमकाका, मजूर लावण्याचे पटले, मुलांना फक्त माती लोटू देऊ. रुग्णालयात मृत्यू झाला आणि तीन तासांत देह मिळाला नाही, तर झोपवून माती द्यायची, यावर तिन्ही भावांचे एकमत झाले आहे.

नावांचे कागद आजच काढून पाहिले. आईच्या आधारकार्डावर 'बेन' आहे, वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत 'बाई' आहे, आणि शिधापत्रिकेवर दोन्ही नाही. सोमवारी रजा टाकली आहे.