मदत हवी आहे: पॉवर स्टिअरिंगचं ऑइल पुन्हा गळतंय, रॅक बदलू का?

मंडळी, नमस्कार. गाडी २००८ ची, डिझेल, सात सीटर, १ लाख ९० हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बाकी गाडीने आजवर काही कुरकुर केली नाही. स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं, बेल्टवर फिरणारा पंप, ऑइल आणि रॅक, म्हणजे पुढची चाकं वळवणारी आडवी दांडी आणि तिची नळी. राहायला नाशिकला पाथर्डी फाटा, द्राक्षबाग दिंडोरीकडे, आठवड्याला चार फेऱ्या. बागेतला शेवटचा अर्धा किलोमीटर कच्चा, पावसाळ्यात निव्वळ गाळ.

दीड वर्षापूर्वी पार्किंगमध्ये पहिल्यांदा लाल डाग दिसला. शेजारचे काका म्हणाले, एसीचं पाणी असेल. काका, एसीच्या पाण्याने बोटं तेलकट होत नाहीत. तेव्हा पंपाच्या शाफ्टचं सील गेलं होतं. ते बदललं, तीन महिने सगळं कोरडं. मग प्रेशर पाइप जिथे लोखंडी नळीला दाबून बसवलेला असतो तिथे घाम फुटल्यासारखं ऑइल यायला लागलं. पाइप नवा टाकला.

दिवाळीनंतर घरच्यांना घेऊन वणीच्या गडावर निघालो. नांदुरीचा घाट चढताना एका वळणावर स्टिअरिंग एकदम जड आणि पंपाचा घों घों आवाज. बोनेट उघडलं तर स्टिअरिंग ऑइलची टाकी रिकामी. खाली दुकानात मिळालं ते लाल ऑइल घातलं आणि आईचं नाव घेत वर गेलो. जानेवारीत मेस्त्रींनी रॅक उतरवून सीलकिट (आतल्या सगळ्या सीलांचा नवा संच) टाकलं. अलाइनमेंट धरून साडेसात हजार गेले.

आता जून. पुन्हा गळती. आठ दिवसांत टाकीतली पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येते. मेस्त्री म्हणतात, "दादा, आता पूर्ण रॅकच बदला." माणूस प्रामाणिक आहे, तक्रार नाही. पण एका मागोमाग तीन ठिकाणं गेली, म्हणजे मूळ दुसरीकडेच असेल का? पंप प्रमाणाबाहेर प्रेशर देतोय, की घाटात घातलेलं ऑइल चुकीचं होतं?

प्रतिसाद:
दादा, तिन्हींची मोट बांधू नका. पंपाचं सील आणि पाइप एकेकदाच गेले आणि परत काही झालं नाही. ते वयाने गेले, सगळं रबर एकाच वर्षाचं. विचार करायचा तो एकाच गोष्टीचा: रॅकचं *नवं* सील पाच महिन्यांत का गेलं?

आधी गळती नेमकी कुठून ते बघा. डाग पडतो तिथेच गळती असते असं नाही, चालत्या गाडीत वाऱ्याने ऑइल मागे ओढलं जातं. खालून सगळं डिझेलने धुऊन पुसा, वाळल्यावर सांध्यांवर टाल्कम पावडर मारा. इंजिन चालू ठेवून कोणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. टोकाला गच्च धरून ठेवायचं नाही, चार-पाच सेकंद खूप झाले. तिथे प्रेशर सगळ्यात जास्त असतं आणि ऑइल तापतं. पांढऱ्या पावडरवर लाल रेघ लगेच दिसते.

मग रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट, म्हणजे दांडी झाकणारी घड्यांची आवरणं, चाचपा. एक चूक बरेच जण करतात: ज्या बुटात ऑइल त्याच बाजूचं सील खराब समजतात. बऱ्याच रॅकना हवा इकडून तिकडे जायला दोन बुटांमध्ये बारीक नळी असते, तिच्यातून ऑइलही जातं. ब्रेक ऑइल तर कोणी घातलं नाही ना? त्याने या सिस्टीमची सीलं फुगून मऊ पडतात. लाल ऑइल घातलंय तर मॅन्युअलमध्ये तेच लिहिलंय का तेवढं बघून घ्या.

मी (धागाकर्ता):
रविवारी केलं. मुलगा स्टिअरिंगवर, मी गोणपाटावर आडवा. पंप कोरडा, पाइप कोरडा. डाव्या बुटाची क्लिप सैल केली आणि अर्धा कप ऑइल माझ्या बाहीत. रंग लाल नव्हता, गढूळ चहासारखा. बुटाच्या घडीत आतल्या बाजूला बोटभर चीर, वरून दिसतसुद्धा नव्हती. चाकं वळवून रॅकची दांडी जास्तीत जास्त बाहेर काढली, पुसली, बॅटरी मारली. चकचकीत दांडीवर मोहरीएवढे काळे ठिपके, सात-आठ. नख फिरवलं तर दोन ठिकाणी अडकतं. मॅन्युअल बघितलं, ऑइल बरोबर आहे.

प्रतिसाद:
मिळालं उत्तर. चिरेतून तुमच्या बागेतला गाळ आत गेला, दांडीवर गंज चढला, तिथला मुलामा उडाला. गाडी वळली की तीच खरबरीत दांडी सीलच्या ओठातून आत-बाहेर होते. कानशीवर रबर घासल्यासारखं. सील कितीही भारी टाका, पाच-सहा महिन्यांत फाटणारच. जानेवारीत बूट जुनेच बसवले होते ना?

मी:
हो. "चांगले आहेत" म्हणून तेच बसवले. दोघांनी वाचवून काय वाचवलं!

आता नवा रॅक बावीस हजार सांगतायत, दुरुस्त केलेला बदलीवर, म्हणजे आपला जुना देऊन, बारा. दांडी पॉलिश करून चालेल का?

प्रतिसाद:
पॉलिशने ठिपके जात नाहीत, दांडी बारीक होते. स्टिअरिंगच्या भागावर असली कारागिरी नकोच, घाटात जाता तुम्ही. बदलीचा घ्यायचा तर बसवण्याआधी दोन्ही बूट मागे सरकवायला लावा, दांडी पूर्ण सरकवून स्वतः नख फिरवा. अडकलं की परत. बूट आणि क्लिपा नव्याच. जुनं ऑइल सगळं काढून टाका आणि टाकीतली जाळीही बघा. जाळी वेगळी निघत नसेल तर टाकीच बदला, नाहीतर हा गढूळ चहा नव्या रॅकमध्ये जाईल. हवा काढताना पुढची चाकं जॅकवर, इंजिन बंद, स्टिअरिंग पंधरा-वीस वेळा हळू फिरवा, मधूनमधून टाकी बघत.

आणि वॉशिंगवाल्याला सांगा, बुटावर प्रेशरचा फवारा मारू नको म्हणून.

मी:
बारावाला ठरवलाय, शनिवारी नाशिकमधल्याच द्वारकेला जातोय. नखं वाढवून ठेवली आहेत.