बाबांसाठी पुस्तकं सुचवा : उपाशी, बेघर बालपणाची, पण 'शेवटी साहेब झाला' छापाची नकोत

फडावरचा
मंडळी, बाबा एस.टी.त कंडक्टर होते, आता निवृत्त. वय ६४. आजी-आजोबा बीडकडून ऊसतोडीला जायचे, त्यामुळे बाबांची सहावी-सातवीपर्यंतची वर्षं अर्धी गावात, अर्धी फडावर गेली. आई-बाप पहाटे गाडी भरायला गेले की कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, धाकट्या बहिणीला सांभाळत बसायचं काम यांच्याकडे. मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटेपर्यंत शाळेचं नावच नाही.

दोन वर्षांपासून वाचायला लागलेत, ओळीखाली बोट धरून. मागच्या महिन्यात मी एका बड्या अधिकाऱ्याचं आत्मचरित्र आणून दिलं. चाळीस पानांत गरिबी संपली आणि परीक्षा, मुलाखती सुरू झाल्या. बाबांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "ह्यो भूक लागली म्हणतोय, पण खाल्लं काय ते सांगत न्हाई."

तर काय खाल्लं, कुठे झोपले, पाऊस आला तेव्हा काय केलं, हे ज्यांत आहे अशी पुस्तकं सांगा. टाइप मोठा असेल तर फारच बरं, मोतीबिंदूचं एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय.

नंदिनी_ठाणे
आनंद यादवांचं 'झोंबी'. डोळे झाकून घ्या (बाबांचं ऑपरेशन झालेला सोडून दुसरा!). कागलचं पोर, बाप शाळेतून काढून मळ्याला जुंपतो. मग मायलेक गुपचूप गावातल्या दत्ताजीराव देसायांकडे जातात आणि त्यांच्याकडून बापाला दम भरवतात. तरी बापाच्या अटी आहेतच : सकाळी मळ्यात पाणी पाजायचं, मग शाळा, आणि सुटल्यावर गुरं. म्हशीच्या पाठीवर काडीनं कविता लिहिणारा मुलगा दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मी तरी वाचलेला नाही. १९८७ चं पुस्तक आहे, १९९० साली साहित्य अकादमी मिळालं. जाडजूड आहे, पण कंडक्टरना कसली घाई?

जुनीपानं
'उपरा' आणि 'गबाळ'. बाबांना दोन्ही ओळखीची वाटतील, कारण दोन्हींत घर नावाची गोष्ट एका जागी नाही. 'उपरा' लिहिणारे लक्ष्मण माने कैकाडी समाजातले. गाढवांवर बिऱ्हाड टाकून गावोगाव जायचं, कणग्या-टोपल्या विणायच्या, आणि त्यातच बापानं पोराला शाळेत घालायचं मनावर घेतलेलं. दादासाहेब मोऱ्यांचं 'गबाळ' कुडमुडे जोशी या भटक्या समाजाचं, पालावरचं, म्हणजे तंबूतल्या बिऱ्हाडाचं. पावसाचं विचारलंत ना? पालात राहणाऱ्याइतका पाऊस कोणाला कळणार.

कोकणी_माणूस
सगळी रडकी पुस्तकं का सुचवताय? ६४ वर्षांच्या माणसाला जरा हसू द्या की. पु.लं. द्या.

फडावरचा
पु.ल. झाले दादा. हसले भरपूर. आता त्यांना हेच हवंय.

सावित्रीची_नात
बायकांनी लिहिलेलं एकही नाव अजून आलेलं नाही, म्हणून लिहिते. खाल्लं काय, हे बाप्यांपेक्षा चुलीपुढे बसलेलीला जास्त ठाऊक असतं. बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' घ्या. फलटणला किराणा दुकान चालवता चालवता, नवऱ्यापासून लपवून लिहिलेलं आहे. त्यात बाळंतिणीच्या उपासमारीबद्दल आहे ते मी एका बैठकीत वाचू शकले नव्हते. विमल मोऱ्यांचं 'तीन दगडांची चूल'ही बघा, गोंधळी समाजातलं, पालावरचंच. आणि मोकळ्या ढंगाचं हवं असेल तर उर्मिला पवारांचं 'आयदान'. आई दारात बसून आयदानं विणतेय आणि लेक लिहितेय. त्यात हसूही आहे, वरच्या कोकणी दादांसाठी.

मिलिंद_सोलापूरकर
'अक्करमाशी' कोणीच कसं सांगितलं नाही? शरणकुमार लिंबाळे. खाण्याचं म्हणताय तर ऐका : आजी, संतामाय, शेण गोळा करते, त्यातले ज्वारीचे दाणे धुऊन दळते आणि त्याची भाकरी करते. तो लहान पोर ती खातो. भाकरीला शेणाचा वास येतोय हे तो लिहितो आणि पुढे जातो, डोळे पुसत बसत नाही. एस.टी. स्टँडवर काढलेल्या रात्रीही आहेत. तुमचे बाबा कंडक्टर, शेवटची गाडी लागल्यावर स्टँडवर कोण झोपतं ते त्यांनी नोकरीभर पाहिलं असेल.

एक मात्र बोलतो, राग मानू नका. 'गरिबीची पुस्तकं' असा गठ्ठा बांधून यातली निम्मी वाचता येत नाहीत. दया पवारांच्या 'बलुतं'मधला दगडू नुसता गरीब नाही. गरीब तर 'झोंबी'तला आनंदाही आहे, पण गावातला वजनदार माणूस त्याच्यासाठी त्याच्या बापाला दम भरतो. दगडूसाठी कोण भरणार होतं? जात वजा करून ही पुस्तकं वाचली तर हाती नुसती कणव लागते, आणि तेवढ्यासाठी दया पवारांनी १९७८ साली ते लिहिलं नव्हतं.

नंदिनी_ठाणे
हे पटलं. मी 'झोंबी' पहिलं सांगितलं, कारण मला ते वाचायला सोपं गेलं होतं. का सोपं गेलं, ते आत्ता लक्षात आलं.

फडावरचा
राग कसला, बरोबरच आहे. आम्ही वंजारी, फडावर सगळ्यांच्याच कोप्या असायच्या, पण बाबा सांगतात की कोणाच्या कोप्या कडेला असायच्या तेही ठरलेलं होतं.

चिरागनगर
कादंबऱ्या चालत असतील तर जयवंत दळवींची 'चक्र', मुंबईची झोपडपट्टी. पण त्याआधी अण्णाभाऊंची एकच कथा वाचायला द्या, 'स्मशानातील सोनं'. खाणीतलं काम सुटलेला भीमा मढ्यांच्या राखेत सोनं शोधतो. एका संध्याकाळी होते, डोळ्यालाही त्रास नाही.

मोठ्या टाइपाचं विसरा, आपल्याकडे छापत नाहीत फारसं कोणी. ई-बुक मिळालं तर टॅबवर अक्षर हवं तेवढं वाढवता येतं. माझी आई तसंच वाचते, एका पानावर बारा ओळी.

फडावरचा
(तीन आठवड्यांनी) सगळ्यांचे आभार. टॅब बाबांना जमला नाही, बोट लागलं की पान उडतं आणि त्यांना तर ओळीखाली बोट लागतं. शेवटी मोठं भिंग आणलं. वाचनालयात 'झोंबी' आणि 'अक्करमाशी' मिळाली, 'गबाळ'साठी नंबर लावलाय.

'अक्करमाशी' चार दिवसांत संपवलं. शेणातल्या दाण्यांचं पान मी मुद्दाम विचारलं नाही. त्यांनीच जेवताना काढलं. ७२ च्या दुष्काळात आजीनं असंच काहीतरी केलं होतं म्हणे, काय ते सांगितलं नाही. "ह्यानं लिहिलं, आम्ही गप बसलो," एवढंच.

'झोंबी' मात्र अर्ध्यावर ठेवलंय. आनंदा शाळेत परत गेला, गणितात मन लागलं, कविता करायला लागला, तिथं भिंग खाली ठेवलं. का, विचारलं तर म्हणे, "सुटला की आता ते पोरगं. पुढचं त्याचं तो बघंल."

'तीन दगडांची चूल' पुण्यात कोणाकडे असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.