मदत हवी आहे : जहाज एक दिवस थांबणार, ज्वालामुखीच्या बेटावर काय बघू?

डेकवरचा_नागपुरी
नमस्कार मंडळी. पुढच्या बंदरात एक दिवस मिळून राहिला. ज्वालामुखीचं बेट आहे, पक्षी-प्राणी भरपूर आहेत म्हणतात. बीच, पॅरासेलिंग, शॉपिंग काही नको, समुद्र तर रोजच बघतो. मी पेंच-उमरेडच्या जंगलात फिरणारा माणूस, कॅमेरा सोबत आहे. काय बघू ते पटकन सांगा, नेट केव्हा जाईल भरवसा नाही.

पेंच_प्रेमी
भाऊ, बेटाचं नाव? गालापागोस असेल तर प्राण्यांपासून 2 मीटर दूर राहावं लागते, ड्रोन तर विसराच. अंदमानचं बॅरन असेल तर लांबूनच नमस्कार, उतरू देत नाहीत.

डेकवरचा_नागपुरी
बाप्पा, बॅरनला मालवाहू जहाज काहून थांबेल! लोक फ्रेंच बोलतात तिथले. आपल्याकडून गेलेलेही खूप आहेत.

दगडधोंडे
मग रियुनियन. तिथला ज्वालामुखी पितों द ला फूर्नेझ, 2632 मीटर, आजही उसळतो. थेट तिकडेच जा, बाकी सगळं सोडा.

डेकवरचा_नागपुरी
मॉरिशस हो. पोर्ट लुई.

पेंच_प्रेमी
हे वरच लिहायचं ना, राजा.

संसारी_माणूस
मॉरिशस एक नंबर! आम्ही लग्नानंतर गेलो होतो. इल ऑ सर्फ हे छोटं बेट चुकवू नका, पॅरासेलिंग तिथंच भारी. वहिनींना नेऊन राहिले ना?

डेकवरचा_नागपुरी
कंटेनर जहाज आहे. वहिनी मनीष नगरात.

निवृत्त_चीफ
आधी हे सांगा. बर्थवर म्हणजे धक्क्याला लागणार, की अँकरेजला नांगर टाकून? नुसतं बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन, घ्यायला थांबत असाल तर पाण्यातच उभे राहाल, किनाऱ्याला नेणारी लाँच मिळाली तर मिळाली. तुमचा हुद्दा काय, वॉच म्हणजे ड्युटीची पाळी कुठली? "एक दिवस" जहाजाला मिळतो, माणसाला नाही. शोअर पासचं, म्हणजे किनाऱ्यावर उतरायच्या परवान्याचं, जहाजाच्या एजंटला कळवलं का?

डेकवरचा_नागपुरी
बर्थवर, मेर रूजच्या टर्मिनलला. थर्ड मेट. वॉच नेहमीचीच.

निवृत्त_चीफ
नेहमीची म्हणजे 8 ते 12, सकाळ-रात्र. म्हणजे दुपारी 12 नंतर सुटाल आणि 8 च्या आत गँगवेवर, जहाजाच्या शिडीवर, परत. त्यात कार्गो लवकर आटोपला तर शोअर लीव्ह, म्हणजे उतरायची सुट्टी, रद्द. लांब जाऊच नका. बंदरातून टॅक्सीनं म्युझियम गाठा, डोडोचा सांगाडा बघा, परत या.

पाखरू_वाडी
असा कसा सल्ला देता, चीफ? जिवंत पक्षी सोडून मेलेला बघायचा? बेटावरचा खरा माल ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानात आहे. पेत्राँच्या बाजूनं शिरा. मॉरिशस केस्ट्रेल, छोटा शिकारी पक्षी, 1974 साली रानात फक्त 4 उरले होते. गुलाबी कबुतर 1990 च्या सुमारास दहाच्या आसपास. अंडी काढून उबवून, पिलं वाढवून, पुन्हा सोडून दोन्ही जाती वाचवल्या. पेत्राँला कबुतरांसाठी दाणा ठेवायच्या जागा आहेत, तिथं थांबलं की दिसतात. पिसारा फिका गुलाबी, शेपूट तांबूस. शिवाय एको पोपट, आणि संध्याकाळी वटवाघळं. तिथला मूळचा सस्तन प्राणी म्हणाल तर वटवाघूळच. वाघ-बिबटे शोधू नका.

पेंच_प्रेमी
दुपारी 1 ला जंगलात काय दिसणार? पेंचला तरी दिसते का?

पाखरू_वाडी
म्हणून तर सेकंड मेट, म्हणजे तुमच्या वरच्या अधिकाऱ्यासोबत वॉच बदला. त्याची 12 ते 4 तुम्ही करा, तुमची सकाळची तो करेल. पहाटे निघा. सकाळचा जाम शहरात येणाऱ्यांचा असतो, तुम्ही उलट्या दिशेनं, रस्ता मोकळा. तासाभरात पेत्राँ, 10 ला मागे फिरा. इल ऑ एग्रेत मात्र सोडा. महाकाय कासवं आहेत तिथं, पण ते बेट माहेबूरकडं, पार दुसऱ्या टोकाला. होडीची फेरी आधी ठरवावी लागते.

निवृत्त_चीफ
त्या बेटासमोरच 2020 ला वाकाशिओ नावाचं जहाज खडकावर चढलं होतं. मोबाइलची रेंज मिळावी म्हणून किनाऱ्याजवळ घेतलं, असं कोर्टात आलं. हजारेक टन तेल समुद्रात. बेटावरचे दुर्मीळ पक्षी आणि सरडे उचलून दुसरीकडं न्यावे लागले. नेटसाठी घाई करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दगडधोंडे
पक्षी-पक्षी काय लावलंय, ज्वालामुखी बघायला विचारलं ना त्यानं! क्यूरपीपला त्रू ऑ सर्फचं विवर आहे, गावातच, वरून पूर्ण गोल दिसते. आत झाडी वाढली आहे. आणि एक सांगतो. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड आणि मॉरिशसचा दगड एकाच भट्टीतला. रियुनियनच्या खालचा, जमिनीच्या पोटातून वर येणारा तप्त खडकाचा झरा 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपल्या जमिनीखाली होता, त्यातून दख्खनचा लाव्हा निघाला. पुढं आपण उत्तरेला सरकलो, झरा जागेवरच राहिला. मॉरिशस फार उशिराचं, 80-90 लाख वर्षांपूर्वीचं. म्हणजे हा मुलगा खरं तर घरच्याच दगडावर उतरून राहिला.

पेंच_प्रेमी
बर्डीवर फोटो काढला असता, बोटीत जायची गरज काय मग 😄

विदर्भ_प्रवासी
विवरासाठी टॅक्सी कशाला? पोर्ट लुईहून क्यूरपीपपर्यंत मेट्रो आहे, 2022 पासून पूर्ण मार्ग सुरू. एल अँड टीनं बांधली, भारताच्या मदतीनं. उतरून पायी जाता येते.

सौ_धंतोली
गंगा तलावाचं दर्शन विसरू नको रे बाळा. शंकराची 33 मीटरची मूर्ती आहे, आमच्या सासूबाई जाऊन आल्या.

पाखरू_वाडी
काकू, तो तलावही विवरातलाच, आणि पेत्राँहून अगदी जवळ. दोन्ही एका फेरीत होतील.

चिंतातुर_बाप
माफ करा, जरा विषय सोडून. मुलगा बारावीला आहे, मर्चंट नेव्ही म्हणतो. पीसीएमला किती लागतात? चष्मा आहे.

निवृत्त_चीफ
पीसीएमला 60 टक्के, आयएमयूची (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी) सीईटी. चष्म्याचं वेगळा धागा काढा.

डेकवरचा_नागपुरी
सेकंड मेट तयार झाला, पण बदल्यात रात्रीची 12 ते 4 पण माझ्याच गळ्यात. म्हणजे 4 ला वॉच संपवून 5 ला निघायचं. चीफ मेट "बघू" म्हणतो. टॅक्सीवाल्यासोबत काय ठरवायचं?

विदर्भ_प्रवासी
गाडीत बसायच्या आधी जाऊन-येऊन, थांबण्यासकट भाव ठरवा. एजंटलाच गाडी सांगायला लावा, गेटवर आत-बाहेरची कटकट वाचते. पासपोर्ट जहाजावर, सोबत फक्त शोअर पास आणि ओळखपत्र.

पाखरू_वाडी
आणि रेनकोट ठेवा. पोर्ट लुईला ऊन असलं तरी पेत्राँला पाऊस लागतो. कुठली लेन्स आहे?

डेकवरचा_नागपुरी
70-300. चालेल ना?

पाखरू_वाडी
कबुतराला चालेल. केस्ट्रेलसाठी दुर्बीण उधार घ्या ब्रिजवरून, जहाज चालवतात तिथून.

निवृत्त_चीफ
ब्रिजची दुर्बीण जहाजाबाहेर नेऊ नका! कॅप्टन लॉगमध्ये, जहाजाच्या नोंदवहीत, लिहील.

चिंतातुर_बाप
चष्म्याचा धागा काढला आहे, साहेब. जरा बघाल का?