मलावीत १२ दिवस डोळ्यांचं शिबीर करून आलो, आता वाटतंय तिकिटाचे पैसेच पाठवायला हवे होते

भिंगवाला (सांगली)
मी डोळ्यांचा डॉक्टर. गेल्या वर्षी एका संस्थेबरोबर मलावीला गेलेलो, मुंबई-अदिस अबाबा-लिलाँग्वे. १२ दिवसांतले २ प्रवासात, १ सामान कस्टममधून सोडवण्यात, १ तिथल्या रजिस्ट्रेशनचे कागद हुडकण्यात. उरले ८. त्यात आम्ही तिघांनी १४०च्या आसपास मोतीबिंदू काढले, आपल्याकडे शिबिरात करतात तीच छोट्या छेदाची बिनटाक्याची पद्धत, भिंगंपण मदुराईचीच, अरविंद नेत्ररुग्णालयाच्या कारखान्यातली. शेवटच्या दिवशी पट्ट्या काढल्यावर आज्या हात धरून झिकोमो झिकोमो म्हणतायत, म्हणजे त्यांचं थँक्यू, माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

परत आल्यावर आठवड्याभरात तिथल्या क्लिनिकल ऑफिसरचा (म्हणजे डॉक्टर नाही, पण पेशंट तपासायचं-उपचाराचं शिक्षण घेतलेला माणूस) व्हॉट्सअ‍ॅप. एका पेशंटचा डोळा लालभडक, ठणकतोय, दिसत नाही. आत पू झालाय हे फोटोवरूनच कळत होतं. यात डोळ्यात अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचं असतं, तासांचा हिशेब असतो, आणि ही बाई गावाहून दवाखान्यात पोचायलाच तीन दिवस गेलेले. मी इथे ओपीडीत बसून फोनवर डोस सांगतोय, उंटावरून शेळ्या. डोळा गेला.

माझं मत झालंय की असली शिबिरं बंद करावीत आणि तो खर्च तिथल्या माणसाला शिकवण्यात घालावा. बोला.

वहिनी_कोल्हापूर
डॉक्टर, एक डोळा गेला म्हणून रडताय, १३९ जणांना दिसायला लागलं त्याचं काय? इन्फेक्शन इथे होत नाही का, आमच्याकडे तर पेपरात येतं. आणि नुसते पैसे पाठवले असते तर ते कुणाच्या खिशात गेले असते ते पण सांगा.

सडेतोड
मला एकच प्रश्न. मेळघाट दिसला नाही का? आफ्रिकेचा फोटो फेसबुकवर भारी दिसतो, धारणीचा दिसत नाही.

गॅसवाली_भूलतज्ज्ञ
आलं, मेळघाट आलं. दर धाग्यावर हे विचारणारे स्वतः मेळघाटाच्या पायथ्याच्या परतवाड्याच्या पुढे गेलेले नसतात.
पण वहिनी, इन्फेक्शन सगळीकडे होतं हे बरोबर, फरक आहे तो नंतर बघणारं कोण आहे यात. हेमलकशाला पण बाहेरून सर्जन येतात, शिबीर होतं, आणि सगळे निघून गेल्यावर तिथे दवाखाना असतोच, आमटे कुटुंब १९७३ पासून तिथेच आहे, टाका पिकला तर रात्री दोनला दार वाजवता येतं. भिंगवाल्यांच्या शिबिरामागे काय होतं? एक क्लिनिकल ऑफिसर आणि त्याचा फोन.

फाटका_ओठ
मी पेशंटच्या घरातून बोलतो. माझा मावसभाऊ दुभंगलेल्या ओठाचा जन्मला, गावात त्याला काय काय नावं ठेवायचे ते इथे लिहीत नाही. अमेरिकेहून आलेल्या डॉक्टरांच्या शिबिरात तासाभरात ओठ शिवला. त्याचं लग्न झालं, दोन पोरं आहेत. तेव्हा मावशीने विचारलं नव्हतं की तुमचं मॉडेल सस्टेनेबल आहे का. डॉ. शरदकुमार दीक्षित ब्रुकलिनहून दरवर्षी यायचे, व्हीलचेअरवरून, स्वतः आजारी, आणि आपल्याकडच्या गरिबांचे चेहरे फुकट नीट करून जायचे. त्यांना २००१ ला पद्मश्री मिळाली. त्यांनी पण तिकिटाचे पैसे मनीऑर्डर करायला हवे होते का?

बोलते_करा
मी स्पीच थेरपिस्ट आहे, तुमचा राग समजतो. भावाचा फक्त ओठ होता, टाळू पण फाटलेली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. ओठ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, टाळू वर्षाच्या आतबाहेर, मग बोलणं शिकवायला कितीतरी सेशन्स, मग हिरडीत हाड बसवायचं ते आठ-दहा वर्षांचा झाल्यावर, मग दात. माझ्याकडे येतात ना अशी मुलं, ओठ सुरेख शिवलेला आणि बोलणं नाकातून, घरच्यांशिवाय कुणाला कळत नाही. शिवणारा परत गेलेला असतो. दीक्षित वर्षानुवर्षं येत राहिले, एकदाच येऊन फोटो काढून गेले नाहीत, हा पण फरक धरा.

औषधी_नारायण
कुणी औषधांवर बोलेना. मी फार्मासिस्ट, शिबिराला निघालेले लोक माझ्याकडे सॅम्पलच्या पिशव्या मागायला येतात, दोन महिन्यांत एक्स्पायर होणाऱ्या. डब्ल्यूएचओचं म्हणणं आहे की दान केलेलं औषध त्या देशात पोचल्यावर किमान एक वर्ष चालायला पाहिजे आणि लेबल तिथल्यांना वाचता यायला पाहिजे. नाहीतर आपला कचरा त्यांच्या दारात.

इंटर्न_२३
मला पण जायचंय, एक एजन्सी पैसे घेऊन नेते, ऐकलंय तिथे स्टुडंटला टाके-बिके सगळं करू देतात.

गॅसवाली_भूलतज्ज्ञ
बाळा, जे इथे सिनियरशिवाय करू देत नाहीत ते तिथे पण करायचं नाही. त्यांची कातडी वेगळी नसते.

सडेतोड
परतवाड्याला माझी सासुरवाडी आहे, भूलतज्ज्ञ बाई. आणि गडचिरोलीत बंगांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, १९९९ ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, बाहेरचे देश त्यातून शिकले. विमानाने डॉक्टर नेण्यापेक्षा हे न्या.

भिंगवाला (सांगली)
सडेतोड, हेच म्हणतोय मी. त्या क्लिनिकल ऑफिसरला विचारलं, मदुराईला ट्रेनिंगला येशील का. तो एका पायावर तयार.

वहिनी_कोल्हापूर
आणि तो मदुराईला असताना तिथले पेशंट कोण बघणार? तुमचा व्हॉट्सअ‍ॅप?

भिंगवाला (सांगली)
म्हणून तेवढे सहा आठवडे मी तिथे जाऊन बसणार. शिबीर-बॅनर काही नाही, रोजची ओपीडी, आणि जे ऑपरेट करीन त्यांच्या पट्ट्या-तपासण्या मीच बघणार.

सडेतोड
सहा आठवडे सांगलीचं क्लिनिक बंद? मशिनचे हप्ते कोण भरणार?

भिंगवाला (सांगली)
बायको पण नेत्रतज्ज्ञच आहे. तिला विचारलंय. अजून हो म्हणालेली नाही.