चर्चा: स्वतःचं घर झालं म्हणजे माणूस यशस्वी आणि समाधानी झाला का?

वाळूजकर (छ. संभाजीनगर)
धाकट्या भावासाठी स्थळं बघणं सुरू आहे. बायोडाटा गेला की तिकडून फोन येतो आणि पहिली विचारणा हीच, "पुण्याला नाहीतर संभाजीनगरला स्वतःचं घर आहे का?" पगार नंतर. पोराच्या डोक्यावर एक रुपयाचं कर्ज नाही, बँकेत पैसे आहेत, असं सांगितलं की पलीकडे शांतता. म्हणजे फ्लॅट घेतला तो यशस्वी आणि भाड्यानं राहणारा अजून 'सेटल' व्हायचाय.

माझाच हिशेब मांडतो. सिडकोत मी राहतो त्या टू-बीएचकेचं भाडं ११ हजार. त्याच मजल्यावरचा तसाच फ्लॅट ४२ लाखांना गेला. १२ लाख हातचे घालून ३० लाखांचं कर्ज काढलं, साडेआठ टक्के, २० वर्षं, तर हप्ता २६ हजारांच्या वर. पहिल्या हप्त्यातले २१,२५० नुसत्या व्याजाचे. शेवटपर्यंत बँकेला साडेबासष्ट लाखांच्या आसपास जातात. वर रजिस्ट्री, मेंटेनन्स. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटही नाही. वास्तुशांतीला जेवून आलेल्या पाव्हण्यांना यातलं काही दिसत नाही. त्यांना पीओपी आणि मॉड्युलर किचन दिसतं.

घर घेऊ नये असं म्हणत नाही. पण त्याला यशाचं सर्टिफिकेट कुणी केलं?

गोदाकाठ (नांदेड)
दादा, हिशेब अर्धाच मांडलात. भाडं २० वर्षं ११ हजारच राहणार का? सालाला ७ टक्के वाढ धरा, चौदाव्या वर्षी ते तुमच्या हप्त्याला गाठतंय. पुढं भाडं वाढतच जाणार, हप्ता मात्र एक दिवस संपणार. आणि उरलेले १५ हजार महिन्याच्या महिन्याला एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या हप्त्यात, टाकणारा माणूस मला दाखवा. आपल्याकडं हातात पैसा राहिला की तो लग्नाकार्यात, आहेरात, कुणाच्या तरी अडीनडीला जातो. हप्ता असला की निदान तेवढा तरी वाचतो.

वाळूजकर
मी टाकतो.

गोदाकाठ
बरं, एक सापडला.

परभणीची मास्तरीण
तुमच्या या बेरजा-वजाबाक्यांत एक गोष्ट येतच नाही. नोकरी लागल्यावर मी खोली शोधत फिरले. फोनवर "या, बघून जा" म्हणणारी बाई दारात आडनाव विचारायची. सांगितलं की, "अगंबाई, कालच एकांनी टोकन दिलं." पुढच्या आठवड्यात 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तिथंच. आमच्या शाळेतल्या एका मुस्लिम सरांना तर दारापर्यंतही जावं लागायचं नाही, फोनवरच उत्तर मिळायचं.

मी घर घेतलं ते कुणाला दाखवायला नाही. दारावर माझं पूर्ण नाव आहे, आडनावासकट. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो लावताना कुणाला विचारावं लागलं नाही. एकटीच्या नावावर घेतल्यामुळं मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळाली, हे बाकीच्या बायकांसाठी सांगून ठेवते. हप्ता जड जातो, जातोच. तरी समाधान म्हणाल तर आहे.

वाळूजकर
ताई, तुमच्या घराबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण मग दोष भाड्यानं राहण्यात नाही, घरमालकांत आहे.

परभणीची मास्तरीण
घरमालक सुधारेपर्यंत मी कुठं राहू, सर?

बालाघाट (ता. धारूर, जि. बीड)
आमच्याकडं येऊन स्लॅबची घरं बघा. लांबून सगळं यशच दिसतंय. घरकुलाचे १ लाख २० हजार मिळाले, तेवढ्यात भागंना म्हणून ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतली. ती फेडायला दिवाळीच्या आगंमागं जोडी कारखान्यावर. घराला कुलूप, ओसरीवर म्हातारी, दोन नातवंडं अन् शेळी. नवरा-बायको तिकडं उसाच्या फडाजवळ कोपीत. घर स्वतःचं, पण त्यात झोपायला मिळतं ते गाळप संपल्यावर. अन् ही भिंत उभी नसती तर पोरीला स्थळ आलं नसतं, हेही तितकंच खरं. याला यश म्हणायचं का फास, मला तर कळंना.

माळवद (किल्लारीकडचा)
३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. आमच्या भागात मोठं घर म्हणजे दगड-मातीच्या हात-हात रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. पहाटे माणसं त्याखालीच गेली. कुडाच्या झोपडीत झोपलेले पुष्कळ वाचले.

पुढची गोष्ट मला जास्त लागते. पुनर्वसनात घरं दिली ती जमिनीच्या मापानं. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. अख्खं गाव भुईसपाट झालं, तरी कोण मोठा अन् कोण लहान हे नव्या गावातही घरावरूनच कळणार, याची सोय सरकारनं करून दिली. आमचे वडील त्या पक्क्या घरात छताखाली झोपायलाच तयार नव्हते. अंगणात बाज, वर प्लॅस्टिकचा कागद. सातबारा होता, घर नावावर होतं, समाधान काय कागदावर येतंय?

गोदाकाठ
तो दोष बांधकामाचा, मालकीचा नाही.

माळवद
मोठेपणासाठीच तर तसं बांधायचे, भाऊ.

बाँडवाला
एवढं तत्त्वज्ञान चाललंय, पण घर नेमकं कुणाच्या नावावर आहे हे आधी बघा. संभाजीनगरात अर्ध्या ओळखीतल्यांनी गुंठेवारीत, म्हणजे परवानगीविना पाडलेल्या गुंठा-गुंठ्याच्या तुकड्यांत, रजिस्ट्री न करता नुसत्या बाँडपेपरवर प्लॉट घेतलेत. वर दोन मजले, खाली गाळा, नावाचं तोरण. बँकेत गेलं की मॅनेजर कागद परत सरकवतो. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं आणि २०२१ च्या दुरुस्तीनं डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायचा रस्ता दिला, पण त्याचं शुल्क भरायचं म्हटलं की सगळे एकमेकांकडं बघतात. आणि पाण्याचं काय? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा बंगलेवाले पण घागर घेऊन रांगेतच होते ना?

गोदाकाठ
होते की. भाडेकरूही त्याच रांगेत होता. फरक एवढाच, की बोअर आटल्यावर बंगलेवाल्याला कुणी "खोली रिकामी करा" म्हणालं नाही. आमच्या मेव्हण्याला म्हणाले. ऐन उन्हाळ्यात टेम्पो करून त्यानं बिऱ्हाड नांदेडला आणलं, आणि डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापून घेतले ते वेगळेच.