'किलो' म्हणजे नक्की किती? आणि 'किबी'ला मराठीत काय म्हणाल?

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून एक टेराबाइटची हार्ड डिस्क आणली. घरी जोडली, तर संगणक म्हणतो 931 जीबी. दुकानात फोन केला. "साहेब, सगळ्यांना तेवढंच दिसतं." उत्तर खरं होतं, पण समाधान झालं नाही. शेजारी बाबा पेपर वाचत बसले होते. भोसरीत तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. "मापात पाप," एवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

शोधल्यावर कळलं की पाप नाही, शब्दाचा घोळ आहे. डिस्क बनवणारे 'टेरा' म्हणजे एकावर बारा शून्यं धरतात. माझा संगणक तेच बाइट 1024 ने तीनदा भागतो, आलेल्या 931 पुढे 'जीबी' लिहून मोकळा होतो. जागा कुठेही गेलेली नाही. 1998 साली आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने, म्हणजे आयईसीने, यावर तोडगा काढला: किलो, मेगा, गिगा हजाराच्याच पटीत राहतील, 1024 च्या पटींना किबी, मेबी, गिबी म्हणायचं. त्या हिशोबाने माझ्याकडे 931 गिबीबाइट आहेत. पण हिंजवडीत इतकी वर्षं नोकरी करतोय, 'गिबी' हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. मराठीत रुळेल असं काही सुचतंय का?

ओळंबा: 'मेबी'बाइट? अहो, मोजमापात मेबी कसलं, पक्कं काय ते सांगा!

पेठकरी: 'द्विकिलो' कसं वाटतं? द्विमान पद्धतीतला, म्हणजे दोनाला दोनाने गुणत जाणारा किलो.

मूळ धागाकर्ता: वाण्याकडे 'द्विकिलो साखर' मागून बघा, दोन किलो बांधून देईल.

जुना हिशेबनीस: हा पेच आपण एकदा सोडवलाय. 1 एप्रिल 1957 पर्यंत रुपयाचे आणे 16 आणि पैसे 64. त्या दिवसापासून पैसे 100 झाले. पैसा हाच शब्द दोन किमतींना चालवला असता तर बाजारात रोज हाणामारी झाली असती, म्हणून नाण्यावर 'नया पैसा' छापलं. जुनी नाणी मागे पडल्यावर 1964 मध्ये 'नया' काढून टाकलं. चार आणे मात्र तोंडात राहिले, कारण ते बरोबर 25 पैशांत बसत. एका आण्याचे सव्वासहा होत, तिथे खरी कटकट. संगणकवाल्यांनी हेच उलट केलं: आधी दुसऱ्याचा शब्द उचलला, वेगळं नाव द्यायची आठवण कित्येक वर्षांनी झाली.

ओळंबा: उचलला तेव्हा चालून गेलं, कारण किलोपाशी फरक 2.4 टक्के. गिगापाशी तो 7.4 होतो, टेरापाशी जवळजवळ 10. आणि जुनी 1.44 एमबीची फ्लॉपी आठवते? तिच्यात 14,74,560 बाइट, म्हणजे 1440 गुणिले 1024. तिथला 'मेगा' ना हजार हजारांचा, ना 1024 वेळा 1024 चा. एक पाय इकडे, एक तिकडे!

पेठकरी: 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर असंच गेलं. एका चमूचे आकडे पाउंड-सेकंदात, दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद म्हणून वाचले, साडेचार पटीच्या आसपासचा फरक. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, यांचा मंगळ हुकला.

मूळ धागाकर्ता: सुताचं बरं आठवलंत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, हे बाबांकडून लहानपणीच ऐकलेलं. (सुतार हा शब्दही सूत्रधारावरून, म्हणजे मूळ दोरी तीच.) काल रात्री बाबांना विचारलं, तीन सूत म्हणजे किती? कपाटातून गोल बारचा वीतभर तुकडा काढला, व्हर्नियर, म्हणजे जाडी बारकाईने मोजायचं माप, लावला, चष्मा कपाळावर ढकलून वाचलं: दहा मिलिमीटर. मी मोबाइलवर गुणाकार केला, तीन सूत होतात 9.525. म्हटलं, बाबा, अर्धा मिलिमीटर जास्त भरतोय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा चौथीत गेलो. "तीन सूत दुकानात मागायला. ड्रॉइंगवर कधी सूत पाहिलंयस का?"

तेव्हा माझ्यापुरतं असं ठरवतोय. बोलताना जीबीच म्हणणार, ते आपलं सूत. पण प्रोग्रॅममध्ये आणि कागदावर, जिथे दुसरा कुणी तो आकडा उचलून पुढे गणित करणार आहे, तिथे गिबीबाइट पूर्ण लिहायचं. मराठी प्रतिशब्दाचा हट्ट सोडला. किलो तरी आपला कुठे होता, ग्रीकांकडून फ्रेंचांमार्फत आला.

जुना हिशेबनीस: सोडू नका इतक्यात. 'नवा किलो' म्हणा.

ओळंबा: पण इथे नवं नाव 1024 ला आणि जुनं 1000 ला. दुकानदाराला हे समजावायला तपकीर गल्लीत कोण जाणार?

मूळ धागाकर्ता: बाबांना पाठवतो, व्हर्नियर घेऊन.